दोन जावांच्या भांडणात वाचलेली माती

माझी नात माती शिकते. माती शिकायला पुण्याला जावं लागतं हे मला तिच्यामुळे कळलं. आमच्याकडे ती नखांतून काढण्यातच जन्म जातो. मागच्या उन्हाळ्यात ती घरी आली ती थर्माकोलचा एक डबा, एक लोखंडी नळी आणि एक प्रश्न घेऊन. मला चहाची बशी तोंडाला लावू दिली नाही तिनं.

"आजी, आपल्या गावात अशी जमीन आहे का, जिच्यात युरिया कधीच पडला नाही?"

आमचं गाव अमडापूरच्या बाजूचं, काळ्या जमिनीचं. इथं कपाशीला युरिया, मक्याला युरिया, गव्हाला युरिया. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, एकदा अंगणातल्या कढीपत्त्यालाही प्रेमानं ओंजळभर घातला होता. झाडानं आठवड्यात मान टाकली.

"पडीक चालते का?" मी विचारलं.

"चालेल. पण तिथं गुरं बांधलेली नकोत. शेणखत नको. आणि आजी..." इथं तिनं आवाज खाली आणला, "तिथं कुणी लघवीला बसत नसलं पाहिजे."

मी बशी खाली ठेवली. "आहे," म्हटलं.

असा तुकडा जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि तो आहे तो माझ्यामुळे. खरं सांगायचं तर माझ्या आणि माझ्या मोठ्या जावेमुळे. तिचं नाव आधी घेतलं नाही तर ती आजही कानात बोटं घातली तरी ऐकू येईल अशा आवाजात विचारेल, काऊन वं, मी काय मेली होती तवा?

झालं होतं असं की माझे मालक आणि त्यांचे मोठे भाऊ वेगळे निघाले तेव्हा शेताची वाटणी नजरेनं झाली. चार म्हाताऱ्या माणसांनी बांधावर उभं राहून हात केला, "त्या बोरीपासून त्या दगडापर्यंत," आणि जेवायला निघून गेले. आता बोरीच्या अलीकडून की पलीकडून, हे कोणी सांगितलं नाही. मी म्हणे पलीकडून, जाऊ म्हणे अलीकडून. दोन्ही शेतांच्या मधोमध, बैलगाडी वळेल एवढ्या रुंदीचा पट्टा लोंबकळत राहिला. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि दरवर्षी वखर चालवताना शेजाऱ्याचा धुरा वीतभर कोरायचा आणि चेहरा देवळातून आल्यासारखा ठेवायचा, ही कला प्रत्येक घरात असते. मोठ्या दिरांच्या गड्यानं ती वीत कोरली, आणि मी ती पाहिली.

मी तेव्हा नव्यानं संसाराला लागलेली, आठवी पास. वकील व्हायला मला फक्त काळा कोट कमी आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची बैलजोडी येताना दिसली तशी मी बैलांपुढं आडवी पडले. लुगडं खराब होऊ नये म्हणून आधी गोणपाट अंथरलं, चारी कोपरे सारखे केले, मग पडले. डोळे मिटून घेतले. बैल आले, त्यांनी मला हुंगलं, आणि माझ्या डोक्याशी असलेलं गवत खायला लागले. बराच वेळ खाल्लं. हुतात्मा व्हायला निघालेल्या बाईचा असा अपमान दुसऱ्या कोणी केला नसेल. पलीकडून जाऊ ओरडत होती, "उठ वं, बैलाले खाऊ दे नीट!"

मग सरकारी मोजणी बोलावली. मोजणीदार साखळी घेऊन आला, दिवसभर उन्हात फिरला आणि म्हणाला, पट्टा दोघांचा अर्धा अर्धा. इतका न्याय आमच्यापैकी कोणालाच नको होता. अर्धा घेणं म्हणजे अर्धा हरणं. "मला हा निर्णय मान्य नाही," असं मी पुस्तकातल्या भाषेत जाहीर केलं, हात कमरेवर ठेवून. मोजणीदारानं माझ्याकडे पाहिलं आणि साखळी गुंडाळायला लागला. जाऊ म्हणाली, "माह्यावालं पन तेच." आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं होतं, पण ते ध्यानात यायला आम्ही दोघी फार गुंतलेल्या होतो.

शेवटी घरच्या पुरुषांनी वैतागून ठरवलं: कोणीच पेरायचं नाही, कोणीच पाय ठेवायचा नाही. पुरुष विसरले. आम्ही दोघी पहाऱ्याला बसलो. त्या पट्ट्यात शेळी शिरली की दोन्हीकडून दगड यायचे. गवत कापायला कोणी विळा घेऊन आलं की दोन्हीकडून त्याची नातीगोती उद्धरली जायची. भल्या सकाळी एखादा बापुडा टमरेल घेऊन बोरीच्या आडोशाला बसला, की इकडून मी आणि तिकडून ती एकाच सुरात, "कोन हाय रे तो!" माणसं अर्धवट उठून पळालेली मी पाहिली आहेत.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, पोरीला आजीच्या तारुण्याची दया आली. ती म्हणाली, "म्हणजे शेण नाही, मूत्र नाही, खत नाही. आजी, तुम्ही दोघींनी केवढं मोठं काम केलंय!"

माझ्या त्या वयातल्या कुठल्याही कामाला मोठं म्हणणारी ती पहिलीच.

आता जावेचं आणि माझं वाकडं उरलेलं नव्हतं. आमचे मालक गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आले, आणि ऑपरेशनच्या शिबिरात आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून पडलो. मी खोकले. शेजारून आवाज आला, "धाकटे, तू हायेस का वं?" दिसत नसलं की माणूस जरा बरं बोलतं. घरी येईपर्यंत आमची दोस्ती झाली, एका अटीवर: धुऱ्याचं नाव काढायचं नाही. त्या पट्ट्याकडं न पाहता आम्ही रोज त्याच्या कडेनं जायचो.

नात माती काढायला बसली तेव्हा मोठी जाऊ पट्ट्याच्या आपल्या बाजूला येऊन उभी राहिली. मी माझ्या बाजूला. पट्ट्यात पाय कोणी ठेवला नाही, नात सोडून.

"काय शोधून राह्यली वं पोरी?"

"जीव आहेत, मोठ्या आजी. डोळ्यांना न दिसणारे. आर्किया म्हणतात त्यांना."

"जिवाणू म्हन ना मंग," मी म्हटलं. आठवी पास होते मी.

"नाही आजी. दिसायला तसेच, पण कूळ वेगळं."

"कूळ कोनतंबी असू दे," जाऊ म्हणाली, "खातेत काय थे?"

"अमोनिया. सकाळी गोठ्यात गेल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, ते. युरिया जमिनीत मुरला की त्याचाही तोच होतो. हे तो अमोनिया घेतात आणि त्याचं नायट्राइट करतात. मग दुसरे जीव त्याचं नायट्रेट करतात, आणि ते झाडाची मुळं पितात."

"म्हंजे हे अर्धंच काम करतेत?"

"अर्धंच. पण पहिलं अर्धं. ते झालं नाही तर पुढचं अडतं."

नळी जमिनीत दाबत, धापा टाकत पोरगी सांगत होती. समुद्रात म्हणे हेच लोक. ऊन पोचत नाही इतक्या खोल अंधारात यांची अशी गर्दी की मोजता मोजता शास्त्रज्ञ थकतात. वर जे मरतं, सडतं, ते हळूहळू खाली झिरपतं. त्यातून सुटलेला चिमूटभर अमोनिया यांना पुरतो.

"अन् मासे मुतत असतीन, थे?" जावेनं विचारलं.

"तेही."

जावेचं समाधान झालं. समुद्र तिनं पाहिलेला नाही, पण त्यातला व्यवहार तिला पटला.

"गंमत म्हणजे," नात म्हणाली, "हे काम जिवाणूच करतात असं सगळे धरून चालले होते. हे बाजूला बसून तेच करतायत हे कळलं माझ्या जन्माच्या आसपास. तोवर श्रेय दुसऱ्यांनाच."

जावेनं पदर खोचला. मग म्हणाली, "अंधारात राह्याचं, उरलंसुरलं खायाचं, आधीचं काम उरकाचं अन् नाव दुसऱ्याचं व्हाचं. सरळ सांग ना मंग पोरी, सुना हायेत म्हून!"

नात हसता हसता नळीवरून घसरली. मला मात्र त्या क्षणापासून ते जीव घरचे वाटायला लागले. पुढं तिनं सांगितलं की युरियाचं पोतं ओतलं की काही खादाड जिवाणूंची पंगत बसते आणि थोडक्यात भागवणारे हे मागं पडतात, असा तिचा अंदाज आहे. नुसता अंदाज, तोच तपासायचा. म्हणून खताच्या शेतातली माती एकीकडं, आणि कधीच काही न पडलेली माती दुसरीकडं. उन्हाळ्यात एकदा आणि पाऊस जमिनीत मुरल्यावर एकदा, त्याच जागांवरून. जागा सापडाव्यात म्हणून तिनं पट्ट्यात खुंट्या ठोकल्या, त्यांना लाल फिती बांधल्या, माती पिशव्यांत भरली, कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून डबा गच्च केला आणि ती पुण्याला गेली.

लाल फितींनी घात केला.

गावात बोंब झाली की धुऱ्याची मोजणी पुन्हा निघाली. म्हाताऱ्या पुन्हा पेटल्या, आता कोर्टात जाणार. माझा मुलगा घाबरला, जावेचा मुलगा घाबरला. दोघं चुलतभाऊ पारावर भेटले, चहा प्याले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या डोक्यावरून परस्पर तह करून मोकळे झाले. पट्टा मोडायचा. ट्रॅक्टर आणून रोटाव्हेटर फिरवायचा, डीएपी खत टाकायचं, एकत्र सोयाबीन पेरायचं आणि जे येईल ते देवळाला द्यायचं. इतका चांगला विचार आमच्या घराण्यात याआधी कोणी केला नव्हता, आणि नेमका याच वेळी केला.

नातीला फोनवर कळलं तशी ती बापाशी बोलली. मी शेजारी होते. बाप म्हणाला, "अवं, तुले मातीच पाहिजे ना? रोटाव्हेटर फिरला का मस्त भुसभुशीत होईन. पोतंभर ने."

 मग तिनं फोन मला द्यायला सांगितला आणि ती रडली. उन्हाळ्यातली माती पावसानंतरच्या मातीवाचून निरुपयोगी होती. त्याच जागा नसतील तर तुलना कशाशी करायची? तिच्या मार्गदर्शक बाईंनी हा भाग पुरा करायला हा पावसाळाच दिला होता; तो गेला तर विषय बदलायचा, नाहीतर घरी यायचं. दुसरीकडं अशी जमीन शोधायची म्हटली तर त्यासाठी एक दांडगं भांडण लागणार, आणि तेही दोन पिढ्यांमागं सुरू झालेलं पाहिजे.

मी मुलाला म्हटलं, "राहू दे रे तो पट्टा, पोरीचं काम आहे."

"माय," तो फार मायेनं म्हणाला, "आता तरी मन मोठं कर."

जावेनं तिच्या मुलाला सांगितलं तर त्यानंही तिच्या पाठीवरून हात फिरवला. मन मोठं करायला लावणाऱ्या मुलांपुढं म्हाताऱ्या बाईचं काही चालत नाही. रागावली असती तर वाद घातला असता. मी सरळ जावेकडं गेले. ती तूर निवडत बसली होती.

"बाई, एकच उपाय आहे. भांडावं लागते."

तिनं सूप बाजूला ठेवलं. इतकी खूश मी तिला तिच्या नातवाच्या लग्नातही पाहिली नव्हती. "कवा?"

ट्रॅक्टर आला सकाळी. मागं दोघं भाऊ नवे रुमाल खांद्यावर टाकून, हातात नारळ घेऊन. पट्ट्याच्या इकडं मी, तिकडं ती. ठरलं होतं असं की मी सुरुवात करायची, ती वाढवायची, पोरं घाबरली की थांबायचं. दोन-चार जुन्या गोष्टी आम्ही आदल्या दिवशी पक्क्या करून ठेवल्या होत्या.

"खबरदार!" मी ओरडले. "माह्या जागेतून ट्रॅक्टर नाई जायाचा!"

"तुही जागा?" जाऊ गरजली. "तुह्या बापानं आंदन देली होती काय वं?"

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. माझा मुलगा म्हणाला, "माय, काय करून राह्यली तू?" पुतण्या म्हणाला, "काकू, कालपरवा तं चांगल्या बोलत होत्या!"

"चांगली? हिच्याशी?" मी ठरल्याप्रमाणं पुढं गेले. "हिनं माह्या लग्नात आहेराचं पातळ बदललं. हिरवं दाखवलं अन् इटलेलं देलं!"

"हाव, देलं! तुह्या रंगाले हिरवं शोभत होतं काय?"

हे आदल्या दिवशी ठरलेलं नव्हतं. मी जरा थबकले. पण बाई म्हणजे बाई. मीही न ठरलेलं काढलं. "तुह्या पोळ्या आजवर कोनी गरम हायेत म्हून खाल्ल्या, चांगल्या म्हून नाई!"

"अन् माह्या बाळंतपनातले डिंकाचे लाडू कोनं खाल्ले? रोज रातच्यानं डबा हलका होये! मी म्हनो उंदीर हाय. उंदीर आठवी पास होता!"

ट्रॅक्टरवाला खाली उतरून बोरीच्या सावलीला बसला आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली. बांधावर माणसं जमली. लाडवांचं खरं होतं. ते तिला ठाऊक आहे हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मला आता खरोखरच राग आला, कारण चोरी उघडी पडल्यावर माणसाला जितका राग येतो तितका चोरी झाल्यावरही येत नाही. मी गोणपाट शोधलं. नव्हतं. तशीच, धुतल्या लुगड्यानिशी, माझ्या बाजूच्या काठावर आडवी पडले.

"टाका माह्या अंगावरून ट्रॅक्टर!"

"पड, पड!" जाऊ म्हणाली. "मांगंही पडली होती. बैलानं खाल्लं नाई तिले!" आणि तीही पलीकडं फतकल मारून बसली.

माझ्या मुलानं नारळ खाली ठेवला. दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांच्या लहानपणी आमच्या भांडणापायी दोन्ही घरांत चुली विझलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. पुतण्या हळूच म्हणाला, "दादा, सोयाबीन काय, दुसरीकडंही होईन." मुलगा म्हणाला, "या दोघी हायेत तवर नावच नको काढू." ट्रॅक्टर वळला. नारळ त्यांनी मारुतीला फोडला, बहुधा स्वतःच्या सुटकेबद्दल.

सगळे गेल्यावर मी उठले. कंबर धरली होती. "बाई," मी हाक मारली, "झालं आपलं काम. जमलं हो मस्त!"

बाई मागं न पाहता निघून गेली. ठरलेलं भांडण संपलं होतं; न ठरलेलं आता सुरू झालं होतं. पोळ्यांवरचं माझं वाक्य तिला लागलं होतं आणि मला तिचा उंदीर. मृगाच्या पेरण्या झाल्या, सोयाबीन वर आलं, तरी आम्ही बोललो नाही. पोरांची खात्री पटली. पट्ट्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. नातीनं फोनवर विचारलं, "आजी, अजून भांडताय ना?" मी म्हटलं, "अगं, अगदी मनापासून." ती म्हणाली, "छान. पाऊस मुरेपर्यंत टिकवा."

नात आली तेव्हा पट्ट्यातलं गवत गुडघ्याला लागत होतं. तिनं एकेक खुंटी शोधून काढली. लाल फिती काळ्या पडल्या होत्या, पण जागा होत्या तशाच होत्या. तिनं नळी दाबली, ओल्या काळ्या मातीची कांडी बाहेर काढली आणि लेकरू पुसावं तशी तिची कड पुसली. तिच्या चेहऱ्याकडं पाहून मी आतल्या आत सुपाएवढी झाले. इतक्यात पलीकडून बांगड्या वाजल्या. जाऊ आली होती. माझ्याकडं न पाहता ती नातीशी बोलली.

"पोरी, तिच्या अंगानं चार भोकं अन् माह्या अंगानं तीनच काऊन?"

मी मोजलं. बाई बरोबर बोलत होती. "चारातलं एक बोरीच्या मुळाशी आहे," मी म्हटलं, "ते तुझ्यात धरतात."

"बोर माही हाय हे आता कबूल करून राह्यली?"

"कबूल कोन करते? मुळी तुह्या अंगानं गेली, म्हून म्हनलं!"

"मुळी जाते तथी झाड असते!"

"मोठ्या आजी, आजी," नात उकिडवी बसल्या बसल्या म्हणाली. तिनं पिशवीचं तोंड बंद केलं, ती बर्फात खोचली आणि डब्याचं झाकण दाबलं. "मला पुढच्या उन्हाळ्यातही इथूनच माती लागणार आहे. तुम्ही खुशाल भांडा. फक्त काठावर उभं राहून भांडा, पट्ट्यात पाय नको."

आम्ही दोघी एकेक पाऊल मागं सरलो आणि पुढं चालू केलं.